शस्त्रनिर्यातीचे परवाने, व्यापारकरार आणि ब्रिटिश पार्लमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनने कोणत्या देशाला कोणती शस्त्रं विकली, कोणत्या देशाशी कसला व्यापारकरार केला, याच्या बातम्या आपण वाचतो. पण हे ठरवताना खासदारांना कुणी विचारलं का, हा प्रश्न बातमीत सहसा नसतो. इथे तोच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी घेतला आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती दोन ओळींत उरकली तर अर्धवट राहतील.

शस्त्रं परदेशी विकायला परवानगी देतं कोण?

व्यापारमंत्री. म्हणजे बिझनेस अँड ट्रेड खात्याचे मंत्री. अर्ज त्यांच्या खात्यातल्या एक्स्पोर्ट कंट्रोल जॉइंट युनिटकडे येतो. हे युनिट परराष्ट्र खातं आणि संरक्षण खातं यांचा सल्ला घेतं. सही मात्र व्यापारमंत्र्यांच्या अधिकारात होते. ज्या खात्याचं काम निर्यात वाढवणं, तेच खातं निर्यात रोखायची की नाही हेही ठरवतं. ही अडचण जुनी आहे आणि ती अजून सुटलेली नाही.

परवाना फक्त बंदुका-बॉम्बना लागतो असं नाही. लष्करी हेल्मेट, विमानाचे सुटे भाग, रडारचं सॉफ्टवेअर आणि नागरी आणि लष्करी दोन्ही कामांत वापरता येतील अशी यंत्रं व रसायनं, सगळ्यांना लागतो.

अर्ज तपासतात म्हणजे नेमकं काय बघतात?

निर्यातदार माल काय, किती, केवढ्याचा हे लिहून देतो. सोबत शेवटी माल वापरणाऱ्याची लेखी हमी जोडावी लागते: हा माल आमच्याकडेच राहील, अमुक कामासाठीच वापरला जाईल. मग हा अर्ज ठरलेल्या आठ निकषांवर घासून बघतात. आंतरराष्ट्रीय बंधनं, मानवाधिकार, घेणाऱ्या देशातला अंतर्गत संघर्ष, शेजारच्या प्रदेशातली शांतता, माल तिसऱ्याच्या हाती जाण्याची भीती वगैरे. सगळ्यांत जास्त वाद दुसऱ्या निकषावर होतो. या मालाने युद्धविषयक मानवतावादी कायद्याचा गंभीर भंग होण्याचा स्पष्ट धोका असेल तर परवाना द्यायचा नाही, असं तो सांगतो. ‘स्पष्ट धोका’ कधी म्हणायचा, हे ठरवणारे अधिकारी आणि मंत्री.

हे निकष २००० साली एकत्र केले गेले, २०१४ मध्ये बदलले आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा बदलले.

कामाचं उद्दिष्टही ठरलेलं आहे: ७० टक्के अर्ज वीस कामकाजी दिवसांत आणि ९९ टक्के साठ दिवसांत निकाली काढायचे. उद्योगाच्या दृष्टीने हे रास्त आहे. पार्लमेंटच्या देखरेखीला मात्र असा कालावधी कुणीच बांधून दिलेला नाही.

परवाना देण्याआधी खासदारांना विचारतात का?

नाही. एकाही परवान्यासाठी नाही. पार्लमेंटला कळतं ते नंतर. तिमाही आकडेवारी प्रसिद्ध होते, वर्षाचा अहवाल सभागृहापुढे ठेवला जातो. त्यावर खासदार लेखी प्रश्न विचारू शकतात, चर्चा मागू शकतात, समिती सुनावणी घेऊ शकते. पण तोवर जहाज बंदरातून सुटलेलं असतं. बैल गेला आणि झोपा केला, असं आपण म्हणतो. इथली व्यवस्थाच तशी आखलेली आहे.

एवढी तरी देखरेख कुठून आली?

एका फसलेल्या खटल्यातून. हा इतिहास कळल्याशिवाय आजचे वाद कळत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२००२ चा नवा कायदा लागू होईपर्यंत ब्रिटनचं शस्त्रनिर्यात नियंत्रण चालत होतं ते १९३९ च्या एका कायद्यावर. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा घाईत केलेला, सरकारला जवळजवळ मोकळं रान देणारा कायदा. युद्ध संपलं, कायदा राहिला. १९८० च्या दशकात इराण आणि इराक लढत होते. दोघांपैकी कुणालाही युद्ध लांबेल किंवा भडकेल असा माल द्यायचा नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वं सरकारने केली आणि १९८५ मध्ये पार्लमेंटला सांगितली. १९८८ च्या ऑगस्टमध्ये युद्धबंदी झाली. डिसेंबरमध्ये तीन खात्यांच्या राज्यमंत्र्यांनी मिळून इराकच्या बाबतीत ही तत्त्वं सैल केली. पार्लमेंटला कळवलं नाही. खासदार विचारत राहिले, उत्तर येत राहिलं की धोरण बदललेलं नाही.

कॉव्हेंट्रीची मॅट्रिक्स चर्चिल ही कंपनी इराकला लेथसारखी यंत्रं विकत होती. त्यांवर तोफगोळ्यांचे भाग तयार होऊ शकत. कंपनीच्या तीन अधिकाऱ्यांवर, परवाना मिळवताना यंत्रांचा खरा उपयोग लपवला, असा खटला भरला गेला. त्यातला एक अधिकारी ब्रिटनच्याच गुप्तहेर खात्याला इराकची माहिती पुरवत होता. बचाव पक्षाला सरकारी कागदपत्रं मिळू नयेत म्हणून मंत्र्यांनी, हे उघड करणं देशहिताचं नाही, अशा प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. न्यायाधीशांनी तरीही बरेच कागद द्यायला लावले. नोव्हेंबर १९९२ मध्ये माजी व्यापार राज्यमंत्री ॲलन क्लार्क साक्षीला उभे राहिले. या मालाचा शांततेच्या कामासाठीचा उपयोग पुढे करा, असं आपणच उत्पादकांना सुचवलं होतं, हे उलटतपासणीत त्यांच्या तोंडून बाहेर आलं. खटला तिथेच कोसळला. सरकारला सगळं ठाऊक असताना तीन माणसं तुरुंगात जायच्या बेतात होती.

न्यायमूर्ती रिचर्ड स्कॉट यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. १५ फेब्रुवारी १९९६ रोजी अहवाल आला: पाच खंड, १,८०६ पानं. मंत्र्यांना तो आठ दिवस आधी वाचायला मिळाला होता. विरोधी पक्षाचे रॉबिन कुक यांना एका खोलीत, पहाऱ्यात, दोन तास दिले गेले. मिनिटाला पंधरा पानं. तरीही कुक यांनी त्या दुपारी सभागृहात केलेलं भाषण पार्लमेंटच्या गाजलेल्या भाषणांमध्ये मोजलं जातं. २६ फेब्रुवारीच्या मतदानात सरकार ३२० विरुद्ध ३१९ असं एका मताने वाचलं.

पुढच्या वर्षी सत्ताबदल झाला, कुक परराष्ट्रमंत्री झाले. निकष जाहीर झाले, वार्षिक अहवाल सुरू झाला आणि २००२ मध्ये एक्स्पोर्ट कंट्रोल ॲक्ट आला. आज वेबसाइटवर जी आकडेवारी सहज उघडून बघता येते, तिच्यामागे हा सगळा प्रवास आहे.

पार्लमेंटची समिती असते ना? ती काय करते?

१९९९ पासून एक वेगळीच रचना होती. संरक्षण, परराष्ट्र, आंतरराष्ट्रीय विकास आणि व्यापार-उद्योग या चार समित्या शस्त्रनिर्यातीसाठी एकत्र बसायच्या. पुढे तिला कमिटीज ऑन आर्म्स एक्स्पोर्ट कंट्रोल्स हे नाव मिळालं. कल्पना चांगली होती, कारण विषयच चार खात्यांत विखुरलेला. पण चार समित्यांचे सदस्य एका वेळी एका खोलीत आणणं अवघड, आणि प्रत्येक निवडणुकीनंतर सगळं नव्याने जुळवायला कित्येक महिने जायचे. त्या महिन्यांत परवाने थांबत नसत.

सप्टेंबर २०१६ मध्ये तर ही रचना उघडपणे तुटली. येमेनमधल्या युद्धात सौदी अरेबिया ब्रिटिश शस्त्रं वापरत होता. चार समित्यांचं एकमत होईना. उद्योग आणि आंतरराष्ट्रीय विकास समित्यांनी, विक्री थांबवा, असा अहवाल दिला. परराष्ट्र समितीने आपला वेगळा अहवाल काढला आणि कायदेशीर निवाडा कोर्टाने करावा, असं म्हटलं. एकाच दिवशी दोन अहवाल आले आणि सरकारला हवा तो उचलता आला.

२०२४ च्या सुरुवातीला ही संयुक्त रचना बंद झाली आणि काम एकट्या बिझनेस अँड ट्रेड समितीकडे आलं. नंतर तिने त्यासाठी उपसमिती नेमली. जबाबदारी एका ठिकाणी आली हे चांगलं झालं, असं मला वाटतं. पण ही समिती पोस्ट ऑफिसच्या घोटाळ्यापासून पोलाद कारखान्यांपर्यंत सगळं बघते. परवान्यांना तिच्याकडे किती वेळ उरतो, हे लक्ष ठेवून बघायला हवं.

‘ओपन’ परवाना म्हणजे काय? त्यावर एवढा आक्षेप का?

साधा परवाना ठरावीक गिऱ्हाइकाला, ठरावीक मालाच्या ठरावीक नगांसाठी असतो. तिमाही तक्त्यात देशाचं नाव, मालाचं वर्णन आणि पौंडांतली किंमत दिसते. बॉम्ब-क्षेपणास्त्रांचा गट एमएल ४, लढाऊ विमानांचा एमएल १०, असे संकेत एकदा लक्षात आले की तक्ता कुणालाही वाचता येतो.

ओपन परवान्यात परवानगी एकदा घ्यायची आणि मुदत संपेपर्यंत माल पाठवत राहायचं. नगांना मर्यादा नाही. तक्त्यात मालाची नावं दिसतात, किमतीचा रकाना मात्र रिकामा. त्यामुळे ‘अमुक देशाला इतक्या कोटी पौंडांचे परवाने’ असा आकडा बातमीत दिसला की समजावं, तो साध्या परवान्यांचाच आहे. ओपन परवान्यावर खरोखर किती गेलं ते त्यात नाही. सरकार, विरोधक आणि पत्रकार तिघंही हा अर्धा आकडा पूर्ण असल्यासारखा वापरतात, हे मला फार खटकतं.

सरकारने नियम मोडला तर कोर्टात जाता येत नाही का?

येतं, आणि लोक गेलेले आहेत. दोन प्रकरणं बघा.

सौदी अरेबियाच्या प्रकरणात कॅम्पेन अगेन्स्ट आर्म्स ट्रेड ही संघटना कोर्टात गेली. २०१७ मध्ये हरली. २० जून २०१९ रोजी अपील कोर्टाने निकाल फिरवला. शस्त्रं विकावीत की नाही हे कोर्टाने सांगितलं नाही. सौदी आघाडीने आधीच्या हवाई हल्ल्यांत कायदा मोडला होता का, याचा सरकारने कधी निवाडाच केला नाही. आणि मागचं न बघता पुढचा धोका मोजता येत नाही, एवढंच कोर्ट म्हणालं. एखाद्या शेतकऱ्याला कर्ज देताना बँक आधीची परतफेड बघते. इथे तेवढंही झालं नव्हतं. सरकारने नवे परवाने थांबवण्याची हमी दिली. सप्टेंबरमध्ये उघड झालं की तरीही काही परवाने चुकून दिले गेले. व्यापारमंत्री लिझ ट्रस यांना कोर्टाची माफी मागावी लागली. जुलै २०२० मध्ये, जे भंग झाले असतील त्या सुट्या घटना होत्या, त्यांत काही पद्धत दिसत नाही, असं म्हणून परवाने पुन्हा सुरू झाले.

दुसरं प्रकरण गाझाचं. २ सप्टेंबर २०२४ रोजी तेव्हाचे परराष्ट्रमंत्री डेव्हिड लॅमी यांनी इस्रायलसाठीच्या सुमारे ३५० पैकी सुमारे ३० परवाने स्थगित करत असल्याचं जाहीर केलं. एफ-३५ या लढाऊ विमानांचे सुटे भाग मात्र वगळले. हे भाग अनेक देशांच्या सामाईक साठ्यात जातात, ते अडवले तर सगळ्यांचीच विमानं जमिनीवर येतील आणि आंतरराष्ट्रीय शांतता धोक्यात येईल, असा सरकारचा युक्तिवाद. पॅलेस्टिनी संघटना अल-हक कोर्टात गेली. ३० जून २०२५ रोजी हायकोर्टाने अर्ज फेटाळला. इतक्या संवेदनशील राजकीय प्रश्नाचा निर्णय सरकारचा आहे. ते पार्लमेंटला आणि शेवटी मतदारांना जबाबदार आहे, कोर्टाला नाही, असं न्यायाधीश म्हणाले.

आता हे दोन धागे एकत्र ठेवा. २०१६ मध्ये पार्लमेंटची एक समिती म्हणाली, कोर्ट ठरवेल. २०२५ मध्ये कोर्ट म्हणालं, पार्लमेंट बघेल. या टोलवाटोलवीत निर्णय घेणाऱ्याला थांबवून जाब विचारणारं कुणी उरत नाही. कोर्टाचं म्हणणं मला चूक वाटत नाही. पण मग पार्लमेंटच्या हातात वेळेवर माहिती आणि खरा अधिकार द्यायला हवा.

व्यापारकरारांना तरी पार्लमेंटची मंजुरी लागते ना?

आपल्याला वाटतं तशी नाही. २०१० च्या कायद्यानुसार सही झालेला करार मंजुरीपूर्वी पार्लमेंटपुढे २१ बैठकीचे दिवस ठेवावा लागतो. तेवढ्या दिवसांत कॉमन्सने, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहाने, विरोधाचा ठराव केला नाही तर सरकार मोकळं. ठराव केला तर सरकार कारणं देऊन आणखी २१ दिवसांची मुदत लावू शकतं, असं पुन्हा पुन्हा. म्हणजे कॉमन्स करार अडवून धरू शकतं, पण त्यासाठी मतदान व्हायला हवं, आणि सभागृहात कोणता विषय कधी घ्यायचा हे बहुतांशी सरकारच ठरवतं. या मार्गाने आजवर एकही करार अडलेला नाही. करारातलं एक कलमही खासदारांना बदलता येत नाही.

ऑस्ट्रेलिया कराराचं बघा. युरोपीय संघ सोडल्यावर ब्रिटनने शून्यापासून वाटाघाटी करून केलेला हा पहिला मोठा करार. १७ डिसेंबर २०२१ ला सही झाली. १५ जून २०२२ ला मुदतीचं घड्याळ सुरू झालं. आंतरराष्ट्रीय व्यापार समितीला मंत्र्यांची साक्ष हवी होती, ठरलेल्या दिवशी मंत्री आल्या नाहीत. समितीने मुदत वाढवून मागितली, कॉमन्समध्ये चर्चा मागितली; दोन्ही मिळालं नाही. जुलैत मुदत संपली. नोव्हेंबरमध्ये माजी कृषिमंत्री जॉर्ज युस्टिस यांनी सभागृहात उभं राहून सांगितलं की करार ब्रिटनसाठी फारसा चांगला नव्हता, फार दिलं आणि फार थोडं मिळालं. मंत्रिमंडळात असताना हे बोलता येत नव्हतं. ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या मांसाशी स्पर्धा करावी लागणाऱ्या वेल्सच्या मेंढपाळाला हे तेव्हा कळलं, जेव्हा त्याचा खासदार काही करू शकत नव्हता.

आणि ती समितीच एप्रिल २०२३ मध्ये बंद झाली, कारण सरकारने तिचं खातं दुसऱ्या खात्यात विलीन केलं. खातं बदललं की त्यावर नजर ठेवणारी समितीही जाते.

भारत–ब्रिटन कराराचं काय?

२४ जुलै २०२५ रोजी मोदी आणि स्टार्मर यांच्या उपस्थितीत त्यावर सह्या झाल्या. भारताकडून सही उत्तर मुंबईचे खासदार आणि वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांची. स्कॉच व्हिस्कीवरचं १५० टक्के आयातशुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार, भारताच्या ९९ टक्के मालप्रकारांना ब्रिटनमध्ये शुल्कमाफी. ब्रिटनच्या बाजूने त्याला वरचीच २१ दिवसांची पायरी लागू.

भारताच्या बाजूने तीही नाही. आपल्याकडे करार करणं हा केंद्र सरकारचा अधिकार. मंत्रिमंडळाची मंजुरी पुरते. संसदेचा संबंध येतो तो करारासाठी देशातला कायदा बदलायचा असेल तर. जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावावरून महाराष्ट्रात किती रान पेटलं होतं ते आठवत असेल. शेतकरी नेते शरद जोशी बाजूने उभे, अनेक जण विरोधात, गावोगावी सभा. तरी १९९४ मध्ये मराकेशला सही झाली ती संसदेच्या मतदानाशिवाय.

शस्त्रनिर्यातीबाबत भारतात काय व्यवस्था आहे?

१९९२ चा परकीय व्यापार कायदा आणि त्याखालची, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची ‘स्कोमेट’ ही यादी. यादीतला बहुतेक माल विदेश व्यापार महासंचालनालयाकडे जातो, लष्करी सामग्रीचे परवाने संरक्षण उत्पादन विभागाकडे. हा विषय महाराष्ट्राला परका नाही. खडकी, वरणगाव, भंडारा, चंद्रपूर इथले दारूगोळ्याचे जुने सरकारी कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या कंपनीत आहेत. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. ब्रिटनसारखा देशवार, मालवार तिमाही तक्ता मात्र आपल्याकडे निघत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये, इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवा, अशी याचिका सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठापुढे आली. परराष्ट्र धोरण सरकारचं क्षेत्र आहे, असं म्हणून ती फेटाळली गेली. लंडनच्या निकालाच्या नऊ महिने आधी, जवळपास तोच सूर.

आधी विचारणं व्यवहारात शक्य आहे का? गुपितं फुटतील, ऑर्डर जातील.

ही भीती खोटी नाही. खरेदीदार देशाला आपली यादी जगजाहीर नको असते, आणि कारखान्यातल्या कामगाराची नोकरी ऑर्डरवरच उभी असते. पण स्वीडनमध्ये परवाने देणारी संस्था अवघड प्रकरणांत आजी-माजी खासदारांच्या परिषदेचा सल्ला बंद दाराआड आधीच घेते, आणि तरीही तो देश विमानं विकतोच आहे. नेदरलँड्समध्ये २० लाख युरोंवरचा परवाना दिला की सरकार दोन आठवड्यांत संसदेला कळवतं. अमेरिकेत मोठी विक्री आधी काँग्रेसला कळवावी लागते. २०१९ मध्ये काँग्रेसने सौदी विक्रीविरुद्ध ठराव केले, राष्ट्राध्यक्षांनी ते नाकाराधिकाराने रद्द केले. तरी कोण कुठे उभं होतं हे मतदाराला माल जाण्याआधी दिसलं.

ब्रिटिश समितीने हीच मागणी अनेकदा केली. प्रत्येक सरकारने, कोणत्याही पक्षाचं असो, ती नाकारली. सगळे परवाने खासदारांकडे न्यावेत असं माझंही म्हणणं नाही. युद्धात गुंतलेल्या देशाला जाणारे मोठे परवाने तेवढे आधी दाखवा.

मी ब्रिटनमध्ये राहतो, पासपोर्ट भारतीय आहे. मला यात काही करता येतं का?

हो, आणि बऱ्याच मराठी माणसांना हे माहीत नसतं. कायदेशीर वास्तव्य असलेल्या कॉमनवेल्थ नागरिकांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. भारतीय त्यात आले. कौन्सिलकडे नाव नोंदवलं की झालं. विद्यार्थी असाल तरी चालतं.

खासदाराला लिहिताना सरसकट निषेधाचं पत्र पाठवू नका, त्याला ठरीव उत्तर येतं. तिमाही तक्त्यातली एक ओळ उचला: देश, माल, तारीख. त्यावर मंत्र्यांना लेखी प्रश्न विचाराल का, एवढंच विचारा. तो प्रश्न आणि त्याचं उत्तर दोन्ही नोंदीत राहतात. समितीची चौकशी सुरू असेल तर लेखी निवेदन कुणीही देऊ शकतं. तुम्ही निर्यात कंपनीत, बंदरावर किंवा कस्टमच्या कागदांत काम करत असाल तर तुमचं निवेदन तज्ज्ञांच्या शंभर पानांपेक्षा उपयोगी ठरू शकतं. पार्लमेंटच्या ऑनलाइन अर्जावर ब्रिटनमधल्या रहिवाशाला सही करता येते. दहा हजार सह्यांना सरकारचं उत्तर मिळतं, एक लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो.

व्यापारकराराबद्दल लिहायचं असेल तर २१ दिवसांचं घड्याळ सुरू व्हायच्या आधी लिहा. ते सुरू झाल्यावर पोचलेलं पत्र बहुतेक वेळा उशिराचंच असतं.